कोऱ्या फितीची जकात

आजीची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. साठ मिनिटांची, पांढऱ्या प्लास्टिकची. लेबलावर निळ्या शाईत माझंच अक्षर: 'मामा, कुवेत' आणि खाली तारीख, १५ जुलै १९९०. तो रविवार होता. सकाळची मिसा आटोपून आम्ही घरी आलो होतो आणि पाऊस नुसता कोसळत होता. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, दर्या बंद, घरात सगळी माणसं. मामा कुवेतला नोकरीला होता. पत्र यायला-जायला पंधरा-वीस दिवस लागायचे, आणि आजीला लिहिता येत नव्हतं. म्हणून गावातल्या बऱ्याच घरांसारखी आमच्याकडेही रीत पडली होती: कोरी कॅसेट आणायची, टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचा, 'प्ले' आणि 'रेकॉर्ड' ही दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि बोलायचं. कुवेतला जाणारा कुणी ओळखीचा भेटला की त्याच्या सामानात ती कॅसेट जायची.

त्या दिवशी वीज गेली होती, म्हणून टेप सेलवर लावला. आजी आधी पाच मिनिटं काही बोललीच नाही. फितीवर नुसता पाऊस ऐकू येतो आणि आईचा आवाज, 'अगो, बोल ना, फिरतेय ती.' मग आजी बोलायला लागली ती थांबेना. जेवतोस का, कुणाची बोट विकली, कुणाच्या पोरीचं ठरलं. शेवटी फीत उरली म्हणून तिने 'उंबराचं पाणी' या विधीच्या वेळी बायका म्हणतात ते गाणं म्हटलं. लग्नाच्या आदल्या दिवशीचं ते गाणं. त्यात नवरीच्या मामा-मामीची, काका-काकीची नावं घालायची असतात, म्हणून ते दर लग्नात थोडं बदलतं. आजीने त्यात कुवेतच्या मामाचं नाव घातलं. ही झाली ए बाजू.

बी बाजू मी भरली. तेव्हा मी भाईंदर स्टेशनजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. मामाला आवडणारी दहा गाणी दुकानातल्या कॅसेटींवरून त्या बाजूला उतरवली. पहिलं होतं 'मी डोलकर'.

२ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कॅसेट घरातच राहिली. मामा काही आठवड्यांनी अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या विमानाने, एका पिशवीसह परत आला आणि ती कॅसेट त्याने आजीच्या शेजारी बसून ऐकली.

ही घरगुती गोष्ट सांगायचं कारण असं की, गाण्यांच्या नकलेबद्दल जगभर जो एक जुना वाद चालू आहे, तो या एका कॅसेटमध्ये पुरता मावतो. वाद असा: कोरी कॅसेट, कोरी सीडी, मेमरी कार्ड, मोबाइल अशा वस्तूंवर लोक गाणी-सिनेमे उतरवून घेतात. त्याचे पैसे कवीला, संगीतकाराला, गायकाला मिळत नाहीत. मग त्या कोऱ्या वस्तूच्या किमतीतच थोडी रक्कम आधीच मिळवून ती कलावंतांना द्यावी का? अनेक देशांनी 'द्यावी' असं ठरवलं. भारतात अशी लेव्ही नाही. ती असावी का, हा प्रश्न माझ्यासारख्याला टाळता येत नाही, कारण ए बाजूही माझ्या घरची आणि बी बाजूही माझ्याच हातची.

आमचं चौक गाव भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तन-पालीच्या पुढे, जमीन संपते तिथे आहे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो आणि आमच्या टेकडीवर चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. गाव कोळ्यांचं, बहुतेक ख्रिस्ती. गेली वीस-बावीस वर्षं मी मच्छीमार सोसायटीचे हिशेब लिहितो. म्हणून हा प्रश्न मला कायद्याच्या पुस्तकातून कमी आणि खतावणीतून जास्त कळतो.

पण आधी दुकान. आजच्या मुलांना कॅसेट 'भरणे' हा शब्दच सांगून कळत नाही. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं. कोरी कॅसेट आमच्याकडून घ्यायचं किंवा घरून आणायचं. आमच्याकडे दोन खणांचा डेक होता. एका खणात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. गाणं सुरू व्हायच्या नेमक्या क्षणी बटण सोडायचं, संपताना आवाज हळूहळू खाली आणायचा. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून आधी मिनिटांची बेरीज करायची. दिवसाकाठी हेड स्पिरिटच्या कापसाने पुसायचं. कापूस तपकिरी व्हायचा. भरून झाली की कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन इवल्या खिट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडायच्या, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. हे काम मी जीव लावून करायचो. मूळ कॅसेट विकत घेण्यापेक्षा हे गिऱ्हाइकाला स्वस्त पडायचं, शिवाय सगळी गाणी त्याच्या आवडीची. त्या पैशांतला एक पैसाही गाणं लिहिणाऱ्याकडे जात नव्हता. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

'मी डोलकर' हे आमच्या गावात कित्येकांना लोकगीत वाटतं. आपल्याच कुणा आजोबाने होडीवर रचलं असेल, असं मानतात. ते शान्ता शेळके यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल लावली आणि लताबाई व हेमंतकुमार यांनी गायलं. शान्ताबाई ६ जून २००२ रोजी गेल्या. आपल्या कायद्याप्रमाणे कवीचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे त्या शब्दांवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत जिवंत आहे. मी ते गाणं किती कॅसेटींवर भरलं असेल, याची मोजदाद नाही. शंभर तरी नक्की.

आता लेव्हीची कथा, जी जर्मनीत सुरू होते. तिथे १९५०च्या दशकात घरगुती टेपरेकॉर्डर आले आणि संगीतकारांच्या 'गेमा' या संस्थेने हरकत घेतली. न्यायालयाने १९५५ मध्ये ग्रुंडिग कंपनीच्या खटल्यात सांगितलं की, घरी बसून केलेल्या नकलेलाही परवानगी लागते. पण घरात बसून कोण काय उतरवतंय हे बघणार कसं? गेमाने मागणी केली की, टेपरेकॉर्डर घेणाऱ्याच्या ओळखपत्राची माहिती दुकानदाराने घ्यावी. १९६४ मध्ये न्यायालयाने ही मागणी फेटाळली. माणसाच्या घराच्या उंबऱ्याआत पहारेकरी पाठवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. मग १९६५च्या कायद्याने तोड काढली: घरात शिरू नका, कारखान्याच्या दारात उभे राहा. टेपरेकॉर्डर बनवणाऱ्याने विक्रीच्या रकमेतून कमाल ५ टक्के द्यायचे. १९८५ मध्ये कोऱ्या फितीही त्यात आल्या. त्याच वर्षी फ्रान्सने असाच कायदा केला. पुढे सीडी आल्या, मोबाइल आले, तशी यादी वाढत गेली. जर्मनीत स्मार्टफोनमागे ६.२५ युरो असा दर ठरला.

ही तोड मला मनापासून शहाणपणाची वाटते, हे आधी सांगतो. कायद्याने नक्कल करू दिली, घराची अब्रू राखली आणि कवीला काहीतरी मिळालं. आपल्याकडच्या माणसाला ती चटकन समजेल, कारण आपण जकात पाहिली आहे. नाक्यावर ट्रक अडवायचा, माल बघायचा, पैसे घ्यायचे. त्या मालाचं तुम्ही पुढे काय करणार हे कुणी विचारायचं नाही. कोऱ्या फितीवरची लेव्ही ही तशीच जकात, फक्त ती पालिकेच्या तिजोरीत न जाता गाणाऱ्यांच्या संस्थेकडे जाते.

आणि तिथेच माझी कॅसेट अडते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते. एका बाजूने फिरली की आजीचा पाऊस, उलटी करून फिरवली की लताबाई. जकात तर कॅसेट कोरी असतानाच घेणार. आजीने कुणाचं काय घेतलं होतं? तिने स्वतःचा आवाज भरला, स्वतःच्या मुलासाठी. तिच्या बोलण्यावर शान्ताबाईंसाठी पैसे घ्यायचे, आणि मी दुकानात बसून कमावले ते त्याच दराने मोजायचे, हे मला पटत नाही. कोरी वस्तू विकत घेणारा प्रत्येक जण नक्कल करणारच, असं धरून चाललं की जी माणसं नुसती बोलण्यासाठी फीत घेतात ती सगळी त्यात भरडली जातात. आमच्या गावात ती थोडी नव्हती. चर्चच्या गायकवृंदाची तालीम, मुलांची पाठांतरं, गल्फला आणि जहाजांवर गेलेल्यांसाठी निरोप, मरण पावलेल्या बापाचा जपून ठेवलेला आवाज. निम्म्या कॅसेटी अशाच असतील.

कवीची बाजू मात्र हलक्याने घेऊ नये. घरोघरी एकेक नक्कल म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण थेंबे थेंबे तळं साचतं, आणि ते तळं कुणाच्या तरी विहिरीतलं असतं. मराठी गीतकाराला गाण्याचे एकदाच ठरलेले पैसे मिळायचे आणि पुढे गाणं पन्नास वर्षं चाललं तरी हिशेब तिथेच संपायचा, हे कितीदा तरी झालं आहे. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून १९६०च्या दशकात लता मंगेशकर उभ्या राहिल्या; महंमद रफींना ते मान्य नव्हतं आणि दोघांनी काही काळ एकत्र गायचं थांबवलं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीताचा पहिला मालक निर्माता, असा निर्णय दिला. त्याच खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडून, गाणाऱ्याच्या पदरी कायद्याने काहीच घातलेलं नाही, याकडे बोट दाखवलं. २०१२ साली कायदा बदलला तेव्हा कुठे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, असं ठरलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला होता. इतक्या उशिरा न्याय मिळालेली माणसं कोऱ्या फितीवर हक्क सांगत असतील, तर त्यांना लोभी म्हणण्याचा अधिकार निदान मला नाही.

म्हणून मी स्वतःला विचारलं: समजा लेव्ही घेतली, तर ती शान्ताबाईंपर्यंत पोचली असती का?

आमच्याकडे जुन्या रीतीने मासळीच्या पैशाचे वाटे पडायचे. एक वाटा बोटीचा, एक जाळ्याचा, बाकी खलाशांचे. यात भांडणं होतात, पण एक गोष्ट पक्की असते: मासळी समोर असते. टोपल्या मोजल्या जातात, लिलाव सगळ्यांच्या देखत होतो. लेव्हीत मासळी दिसतच नाही. कोणत्या फितीवर कुणाचं गाणं गेलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. ते ठाऊक व्हायला घरात शिरावं लागेल आणि घरात शिरायचं नाही म्हणून तर लेव्ही आणली. मग वाटे पाडायचे कशावरून? कॅनडात रेडिओवर काय वाजलं आणि कोणते अल्बम किती खपले, यावरून पाडतात. म्हणजे बंदरात कुणाची बोट मोठी दिसते ते बघून मासळी वाटायची. ज्याचं गाणं रेडिओवर वाजतं त्याला अजून मिळणार. लग्नाच्या मांडवात गाजणाऱ्या कोळीगीताच्या कवीला, ज्याचं नाव कुठल्याच संस्थेच्या यादीत नाही, त्याला काही नाही. आणि आजीच्या उंबराच्या गाण्याला तर कवीच नाही. ते शंभर बायकांनी थोडं थोडं घडवलेलं. त्या गाण्यासाठी फीत घेताना लेव्ही भरायची ती आजीने, आणि वाटा मात्र तिच्या गाण्याचा पडणार नाही.

फ्रान्सने एक गोष्ट चांगली केली आहे. जमलेल्या रकमेतला पाव हिस्सा थेट वाटायचा नाही. नव्या निर्मितीला, कार्यक्रमांना, शिक्षणाला द्यायचा. आपल्याकडे कधी लेव्ही आलीच तर असा पाव हिस्सा गावोगावच्या बायकांची गाणी नीट ध्वनिमुद्रित करण्यासाठी राखावा, यासाठी मी पदरची रजा टाकून मोर्चात जाईन.

ज्यांनी नक्कल केलीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न युरोपलाही पडला. स्पेनमध्ये सीडी आणि डीव्हीडी विकणाऱ्या पडावान या छोट्या कंपनीकडे तिथल्या लेखक-संगीतकारांच्या संस्थेने २००२ ते २००४ या वर्षांची लेव्ही म्हणून सोळा हजारांहून जास्त युरो मागितले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २१ ऑक्टोबर २०१० रोजी निकाल लागला: घरगुती नकलेशी उघड संबंध नसलेल्या, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंवर सरसकट लेव्ही लावता येणार नाही. दवाखान्याने एक्स-रे साठवायला सीडी घेतली, वकिलाने कागदपत्रांसाठी घेतली, तर त्यांनी गाण्याचे पैसे का द्यावेत? पुढच्या निकालांत असंही ठरत गेलं की, आधी घेतले असतील तर परत मिळण्याची सोपी सोय हवी.

'परताव्याची सोपी सोय' हे शब्द वाचून माझी लेखणी थांबली. मच्छीमाराला डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो. बोटमालक आधी पूर्ण भावाने डिझेल भरतो, आम्ही सोसायटीत बिलं गोळा करतो, तक्ते करतो, पाठवतो आणि वाट बघतो. परतावा मिळतो, पण तोवर बोटमालकाने व्याजाने पैसे काढलेले असतात. हे बिलं सांभाळणाऱ्या, सोसायटी पाठीशी असलेल्या माणसाचं. एका कॅसेटमागे दोन रुपये परत मागायला आजी कुठे गेली असती? कोणता अर्ज भरला असता? ज्याच्याकडे हिशेबनीस आहे त्यालाच परतावा मिळतो, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये कोऱ्या फितीवर 'रॉयल्टी' बसवली होती. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तुम्ही नाव रॉयल्टी ठेवलंय, पण जे सगळ्यांकडून सक्तीने घेतलं जातं तो कर आहे आणि करासाठी घटनेने घालून दिलेली रीत पाळलेली नाही, असा तो निकाल. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. मोबदला तो, जो घेतलेल्या वस्तूपोटी देतात. काही घेवो न घेवो, दिलाच पाहिजे, तो कर.

आता आपल्याकडे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यासाची सूट सुरुवातीपासून होती, पण ती साहित्य, नाट्य, संगीतरचना आणि चित्रकृती यांच्यापुरती. ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे १९९० साली कुणी घरच्या घरी कॅसेटवरून कॅसेट केली तरी तो कायद्याच्या सावलीत उभा नव्हता. २१ जून २०१२ पासून ही सूट संगणक प्रणाली वगळता कोणत्याही कृतीच्या खासगी वा वैयक्तिक वापरातल्या रास्त व्यवहाराला मिळाली. बदल्यात कोणतीही लेव्ही बसवली नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये असंच केलं, पण कलावंतांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि भरपाईशिवाय सूट देताना सरकारने पुरेसा पुरावा दाखवला नाही म्हणून जुलै २०१५ मध्ये ती सूट रद्द झाली. आपली टिकून आहे.

ही सूट घरापुरती आहे, दुकानाला नाही. १९९० मध्ये नव्हती, आज नाही, आणि जर्मनीतही माझं दुकान लेव्ही भरून सुटलं नसतं. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्टच केलं की, बेकायदा स्रोतावरून केलेल्या नकलांचं नुकसान लेव्हीत धरायचं नाही. लेव्ही म्हणजे चोरीचा परवाना नव्हे. 'पैसे तर भरलेत, आता काहीही उतरवा' हा समज जिथे लेव्ही आहे तिथेही चुकीचा आहे.

मग माझं म्हणणं काय? पैसे तिथे घ्यावेत जिथे गाण्यावर कुणीतरी कमावतंय. माझ्या दुकानात घ्यायला हवे होते. भरलेल्या प्रत्येक कॅसेटमागे, वहीत नोंद करून, गाण्याच्या नावानिशी. गिऱ्हाइकांच्या याद्या माझ्यासमोरच होत्या. त्या याद्यांइतका चोख हिशेब जगातल्या कुठल्याच लेव्हीला मिळाला नसता. मासळी समोर होती, वाटे पाडणारं कुणी नव्हतं. आज रेडिओ, हॉटेलं, मोबाइलवरची गाण्यांची ॲप्स यांच्याकडे तशीच नोंद असते आणि तिथून येणारा वाटा गीतकारापर्यंत पोचतो की नाही, यावर आपलं लक्ष हवं. लग्नाच्या मिरवणुकीला आणि समारंभाला कायद्याने सूट दिली आहे, ती मला योग्य वाटते. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्या सुटीचा अर्थ सांगणारं परिपत्रक काढलं आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं, तेव्हा आमच्या गावातही बँडवाल्यांनी मला येऊन विचारलं. मी सांगितलं, रद्द झालं ते परिपत्रक. कायद्यातली सूट आहे तिथेच आहे. घर, मांडव आणि आजी यांना सोडा. गल्ल्यावर बसलेल्याला विचारा, आणि मी गल्ल्याजवळ बसलो होतो.

गेल्या डिसेंबरात ती कॅसेट मी एका दुकानात नेली. फीत चिकटू लागली होती. असल्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेऊन देणारा तो तरुण मुलगा. त्याने पेन्सिल घालून फीत हलक्या हाताने ताणून घेतली, हेड कापसाने पुसलं. कापूस तपकिरी झाला. पाऊस ऐकू आला, मग आई, मग आजी. मुलगा काही बोलला नाही, त्याने आवाज थोडा वाढवला. ए बाजू संपली तेव्हा त्याने विचारलं, 'काका, दुसरी बाजू पण भरू?'

मी म्हटलं, नको, ती गाणी मी फोनवर पैसे भरून ऐकतो. त्याने कॅसेट काढून परत माझ्या हातात दिली. मोडलेल्या खिट्ट्यांची दोन भोकं बोटाला लागली.